शेतावरचे श्वापद आणि हातातला पंचनामा

वन्यप्राण्यांकडून शेतीची आणि पशुधनाची जी हानी होते तिचा तपास करणे आणि तिला आळा घालणे, हे काम अमेरिकेत १९३१ सालच्या एका कायद्यान्वये सरकारने आपल्या अंगावर घेतले, आणि आजही तेथे कृषी खात्याच्या एका विभागात त्यासाठी तंत्रज्ञांची स्वतंत्र नेमणूक होते. आपल्याकडे त्याच कामात भरपाईच्या कागदपत्रांची भर पडलेली असूनही त्यासाठी असा एकच हुद्दा नाही. ते काम वनरक्षक आणि वनपाल, पशुवैद्यकीय दवाखान्याचा अधिकारी, कृषी सहायक आणि तलाठी, त्याचप्रमाणे जुन्नर किंवा चंद्रपूरसारख्या भागांत गावोगावच्या तरुणांची जी प्रतिसाद पथके उभी राहिली आहेत ती, या सर्वांत विखुरलेले आहे. त्यामुळे होते असे की, पहाटे गोठ्यात मरून पडलेली कालवड पाहण्यास प्रथम जो इसम पोहोचतो, त्याला आपल्या कामाची सीमा कोठे सुरू होते व कोठे संपते याचीच पुष्कळदा खातरजमा नसते. अशा प्रथम पोहोचणाऱ्या माणसासाठी, मग तो नुकताच रुजू झालेला वनरक्षक असो, पथकातला स्वयंसेवक असो किंवा या वाटेने जाऊ पाहणारा विद्यार्थी असो, पुढील चार गोष्टी लिहीत आहे.

या वाटेवर येण्यास फार मोठ्या पदवीची गरज नाही. वनरक्षकाच्या जागेसाठी बारावीची परीक्षा विज्ञान, गणित, भूगोल अथवा अर्थशास्त्र यांपैकी एखादा विषय घेऊन उत्तीर्ण झालेली असावी लागते, आणि शारीरिक पात्रतेची कसोटी असते ती वेगळीच. परंतु भरतीच्या जाहिरातीत जी अर्हता कधी छापली जात नाही तीच येथे सर्वांत अधिक लागते: सकाळी सहा वाजता, रडणाऱ्या बाईसमोर आणि खवळलेल्या जमावासमोर, जमिनीकडे शांतपणे पाहत राहण्याची ताकद. धावणे शिकविता येते, कागद भरणे शिकविता येते. ही ताकद मात्र ज्याने त्याने आपल्या ठिकाणी जोपासावी लागते.

लोकांच्या मनात या कामाचे जे चित्र असते त्यात पिंजरा, भुलीची बंदूक आणि वर्तमानपत्रातले छायाचित्र या तीन वस्तू असतात. वास्तविक पिंजरा हे या व्यवसायातले सर्वांत ठळकपणे दिसणारे आणि सर्वांत कमी वेळा उपयोगी पडणारे साधन होय. खरे काम आहे ते खुणा प्रामाणिकपणे वाचण्याचे आणि वाचलेले तितक्याच प्रामाणिकपणे व विनाविलंब लिहून काढण्याचे. ज्या गावात पंचनामा वेळेवर होतो आणि भरपाईची रक्कम बँकेत जमा होते, त्या गावात मेलेल्या जनावरावर विष टाकण्याची दुर्बुद्धी सहसा कोणाला होत नाही. जेथे वनरक्षक तिसऱ्या दिवशी येतो आणि ‘कुत्र्याने खाल्ले असेल’ असे उभ्या उभ्या म्हणून निघून जातो, तेथे पुढच्या आठवड्यात ओढ्याच्या काठी बिबट्या मरून पडलेला सापडतो. वाघ-बिबट्यांचे रक्षण करावयाचे तर त्याचा आरंभ अभयारण्याच्या सीमेवर नव्हे, तर गोठ्यातल्या त्या पंचनाम्यापाशी होतो, अशी माझी पक्की धारणा आहे.

कायद्याची तोंडओळख असणे अगत्याचे आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीस सर्वसाधारण बंदी केलेली असून वाघ, बिबट्या, हत्ती, गवा हे प्राणी पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांपैकी एखादा मनुष्याच्या जिवास धोकादायक ठरला, अथवा बरा होण्याच्या पलीकडे जायबंदी किंवा रोगग्रस्त झाला, तरच त्याच्याबाबत मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी हुकुमाने कारवाई होऊ शकते. रानडुक्कर आणि रोही, ज्याला पुस्तकात नीलगाय म्हणतात, हे २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीत असून उभ्या पिकाची नासधूस करणाऱ्या अशा प्राण्याविषयी अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीची तजवीज कायद्यात आहे. गावकरी हा फरक जाणत नाहीत आणि जाणण्याची त्यांच्याकडून अपेक्षाही धरू नये. ‘साहेब, तुमचा वाघ आमची गाय खातो आणि आम्ही तुमच्या वाघाला हात लावला तर आम्हाला जेल,’ हे वाक्य तुम्हाला वारंवार ऐकावे लागेल. त्याला कलमांनी उत्तर देऊ नये, कामाने द्यावे.

आता जनावर मारले गेल्याची खबर आली, असे समजू. दूरध्वनीवरच धन्याला सांगावे, ‘मावशी, गाय जिथं पडली तिथंच राहू द्या, कोणाला जवळ जाऊ देऊ नका, पंजा दिसला तर त्यावर घमेलं पालथं घाला, मी निघालो.’ या एका वाक्यात अर्धा पंचनामा वाचतो. शासनाच्या नियमाप्रमाणे पशुधनाच्या मृत्यूची खबर ४८ तासांच्या आत नजीकच्या वन अधिकाऱ्याकडे पोहोचावी लागते आणि पंचनामा होईपर्यंत शव जागेवरून हलवावयाचे नसते. पण शव हलविले जाण्याआधीच जमाव भोवतालची माती तुडवून टाकतो आणि मग पाहण्यासारखे काही उरत नाही. पोहोचल्याबरोबर लोकांना वीस पावले मागे घ्यावे, एका वडीलधाऱ्या माणसाला राखणीस उभे करावे, आणि शवाकडे सरळ चालत न जाता त्याच्याभोवती एक मोठा वळसा घालावा. येताना आणि जाताना प्राण्याने वापरलेली वाट, कुंपणावर अडकलेले केस, भिंतीवरून उडी मारताना कोसळलेली माती, फरपटत नेल्याची रेघ, या सर्व गोष्टी वळशात सापडतात. शवाशी पोहोचल्यावर मागे फिरून त्या शोधावयाच्या म्हटले तर आपल्याच पायांनी त्या पुसल्या गेलेल्या असतात.

पंजाचा ठसा सापडल्यास त्याच्याजवळ मोजपट्टी ठेवून सरळ वरून छायाचित्र घ्यावे. मांजरकुळातील प्राण्याच्या ठशात चार बोटे उमटतात, नखे सहसा उमटत नाहीत आणि तळव्याच्या मागच्या कडेला तीन पाळ्या दिसतात. कुत्रा, लांडगा आणि कोल्हा यांच्या ठशात नखांची टोके स्पष्ट दिसतात. तरसाच्या ठशातही नखे उमटतात, परंतु त्याचा पुढचा पाय मागच्याहून ठळकपणे मोठा असतो, हे एकदा डोळ्यांत बसले की तरस ओळखण्यात चूक होत नाही. बिबट्याच्या पंजाची रुंदी साधारणपणे ७ ते ९ सेंटिमीटर आणि वयात आलेल्या वाघाची बहुधा १० च्या वर भरते. मात्र ओल्या मातीत ठसा पसरतो आणि कोरड्या फुफाट्यात तो कडांनी ढासळतो, म्हणून एकाच ठशावरून निर्णय न देता निदान चारपाच ठसे मोजावेत.

त्यानंतर शव. येथे नवख्याची नजर जखमांच्या आकाराकडे जाते, आणि जुन्या माणसाची नजर जखमांच्या जागेकडे. बिबट्या आणि वाघ भक्ष्याला बहुधा घशाशी किंवा मानेशी धरतात. तेथे सुळ्यांची खोल, गोल छिद्रे जोडीने सापडतात, आणि दोन सुळ्यांतील अंतर बिबट्याचे चार सेंटिमीटरच्या आसपास तर वाघाचे पाचाहून अधिक असते. मोकाट कुत्र्यांच्या टोळीने मारलेल्या शेळीच्या मांड्या, शेपटीचा बुडखा, कान आणि कुशी जागोजागी फाटलेली असतात, चावे पुष्कळ आणि उथळ असतात, आणि एकाच रात्री अनेक शेळ्या जखमी होऊन फारच थोडे मांस खाल्लेले असते. वाघ खाण्यास बहुधा मागच्या पुठ्ठ्यापासून आरंभ करतो आणि बिबट्या पोटाकडून किंवा बरगड्यांकडून, असे जुने शिकारी सांगत आणि ते सामान्यतः खरे आहे. पण अपवाद इतके आढळतात की केवळ तेवढ्यावर विसंबून दाखला देणे धाडसाचे ठरेल.

सर्वांत महत्त्वाची खूण मात्र कातड्याच्या आत असते. जनावर जिवंत असताना चावा बसला असेल तर चाव्याखालच्या स्नायूंत रक्त साकळून काळसर लाल डाग पसरलेला असतो. ते आधीच मरून पडले असेल आणि रात्री कोणी येऊन त्याचे लचके तोडले असतील तर कातडीखालचे मांस फिकट आणि स्वच्छ दिसते. पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून मानेवरची कातडी सोलून हे पाहून घेणे, हा या परीक्षेचा गाभा होय. ज्या गाईचे पोट फुगून किंवा सर्पदंशाने प्राण गेले आणि मागाहून तरसाने तिचे पाय ओढले, त्या गाईची भरपाई वन खात्याकडून मिळत नाही, आणि तसे धन्याला सांगणे फार जड जाते. तरीही कातडीखालचा तो डाग त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्यावा. जे आपण त्याला दाखविले ते तो मानतो; जे आपण केवळ कागदावर लिहिले त्यावर त्याचा विश्वास बसत नाही, आणि का बसावा? उलट दिशेचा मोहही तितकाच टाळावा. धनी गरीब आहे, सरपंच आपल्या ओळखीचा आहे, तेव्हा ‘बिबट्या’ असे लिहून टाकू, ही दया दिसावयास उदार दिसली तरी तिचे पर्यवसान असे होते की कागदावर त्या गावात दहा बिबटे वाढतात, आणि पुढच्या महिन्यात पिंजऱ्याची मागणी करणारा मोर्चा त्याच कागदाचा आधार घेऊन दप्तरात येतो.

पंचनाम्याची भाषा साधी असावी. मौजे, गट क्रमांक, जागेचे अक्षांश-रेखांश, घटनेची आणि खबरीची वेळ, जनावराची जात, रंग, वय, कानातील बिल्ल्याचा क्रमांक, पंचांची नावे, आणि त्यानंतर जे डोळ्यांनी पाहिले ते, ज्या क्रमाने पाहिले त्या क्रमाने. ‘बिबट्याने हल्ला करून ठार केले’ हे अनुमान असून ते शेवटी यावे. ‘मानेच्या डाव्या बाजूस दोन खोल छिद्रे, त्यांतील अंतर ४.२ सेंटिमीटर, खाली रक्त साकळलेले’ हे निरीक्षण असून ते आधी यावे. भरपाईच्या रकमा शासननिर्णयाने वेळोवेळी बदलतात, तेव्हा त्या पाठ करण्यापेक्षा चालू निर्णयाची प्रत पिशवीत ठेवावी; एवढे मात्र धन्यास पहिल्याच भेटीत समजावून द्यावे की गाय, बैल, म्हैस यांच्या बाबतीत बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा शासनाने ठरविलेली कमाल रक्कम, यांपैकी जी कमी ती मिळते. नाहीतर गाईची संपूर्ण किंमत मनात धरून बसलेल्या माणसाला मिळालेली रक्कम अन्यायाची वाटते आणि तो राग पुढच्या वनरक्षकावर निघतो.

पिकाच्या नुकसानीचा तपास वरवर सोपा वाटतो आणि प्रत्यक्षात अधिक कठीण असतो, कारण येथे शव नसते, असतो तो फक्त विध्वंस. रानडुक्कर जमीन नांगरल्यासारखी उकरते, भुईमूग आणि रताळी मुळापासून काढते, मका आडवा पाडून कणसे चघळून टाकते, आणि चिखलात उमटलेल्या त्याच्या खुरामागे दोन लहान बगलखुरांच्या खुणा दिसतात. रोही पीक उभे ठेवून शेंडे खाते, तूर आणि हरभरा वरून छाटल्यासारखा दिसतो, आणि ते एकाच जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकीत असल्याने बांधाजवळ त्यांचा ढीग साचतो; हा ढीग सापडला की दुसऱ्या पुराव्याची गरज फारशी उरत नाही. साळिंदर बुंध्याशी कुरतडते आणि कधीकधी एखादा काटा मागे ठेवून जाते. कोल्हा मक्याची कणसे आणि कलिंगडे पळवतो, तर माकडे दिवसाढवळ्या येऊन खातात त्याहून अधिक टाकून देतात. कोकणात नारळी-पोफळीच्या बागेत वानर आणि माकड यांपैकी कोण आले होते हे पाहण्यास खुणांपेक्षा राखणदाराची जबानी अधिक उपयोगी पडते. हत्तीचा प्रश्न निराळा आहे. २००२ साली कर्नाटकातून सिंधुदुर्गात उतरलेले हत्ती दोडामार्ग-तिलारीच्या पट्ट्यात केळी, सुपारी आणि माड उपटून टाकतात, आणि ती बाग पुन्हा उभी राहण्यास जी वर्षे लागतात त्यांचा हिशेब एका हंगामाच्या पिकाच्या नमुन्यात बसत नाही.

नुकसानीची मोजणी नजरेने करू नये. शेताच्या कडेला उभे राहून ‘निम्मे गेले’ असे म्हणणे हा शिरस्ता सर्वत्र आहे आणि तो मोडलाच पाहिजे. एक मीटर लांबी-रुंदीची चौकट घेऊन शेतात निरनिराळ्या ठिकाणी, कडेला आणि मध्यभागी, ती टाकावी. प्रत्येक चौकटीतील शाबूत आणि नष्ट रोपे मोजावी, आणि त्यांची सरासरी काढून ती बाधित क्षेत्रास लावावी. कडेला प्राणी अधिक येतात, म्हणून केवळ कडेच्या चौकटी घेतल्या तर नुकसान फुगते आणि केवळ मधल्या घेतल्या तर शेतकऱ्यावर अन्याय होतो. पिकाच्या नुकसानीची तक्रार तीन दिवसांच्या आत करावयाची असते, आणि वनजमिनीवर अतिक्रमण करून केलेल्या शेतीस भरपाई नाही, या दोन गोष्टी ग्रामसभेत हंगामाच्या आरंभीच सांगून ठेवाव्या. नुकसान झाल्यावर सांगितल्या तर त्या पळवाटा वाटतात.

बंदोबस्ताकडे येऊ. पशुधनाच्या बाबतीत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे बंदिस्त गोठा. भिंत कितीही उंच असली तरी वरचे छप्पर किंवा जाळी नसेल तर बिबट्यास ती भिंत नव्हे, पायरी आहे. धनगर मेंढ्यांभोवती वाघर, म्हणजे दोऱ्यांची जाळी, लावतात आणि तिच्याबाहेर कुत्री ठेवतात. लांडग्याच्या मुलुखात पिढ्यान्‌पिढ्या टिकलेली ही व्यवस्था नव्या योजनांच्या नादात कोणी मोडू नये. पिकासाठी सौर कुंपण, ज्याला शेतकरी ‘झटका मशीन’ म्हणतात, उत्तम काम देते, परंतु त्याचे मर्म लोकांना क्वचितच सांगितले जाते. हे यंत्र तारेत सुमारे सेकंदाला एक याप्रमाणे अत्यंत क्षणिक, उच्च दाबाचे स्पंद सोडते. त्याने प्राणी दचकतो, मरत नाही. तारेला गवत टेकले की वीज जमिनीत उतरते आणि कुंपण मुके होते. जमिनीत पुरलेली अर्थिंगची सळई उन्हाळ्यात कोरड्या मातीत निकामी होते, तिच्या बुडाशी पाणी घालीत राहावे लागते. कुंपण बसवून अनुदानाचा कागद पूर्ण केला की काम संपले, असे समजणाऱ्यांची शेते पहिल्या पावसानंतर पुन्हा उकरलेली दिसतात. आणि घरगुती विजेची तार सरळ कुंपणास जोडण्याचा जो प्रकार काही ठिकाणी चालतो तो केवळ बेकायदाच नव्हे तर खुनशी आहे. त्यात वाघ मरतात, बैल मरतात आणि पहाटे परसाकडे निघालेली शेजाऱ्याची पोरेही मरतात. असे कुंपण दिसल्यास भिडेखातर डोळेझाक करू नये, त्याच दिवशी वीज कंपनीस आणि वरिष्ठांस लेखी कळवावे. तारेला स्वतः हात लावू नये.

आता पिंजरा. जुन्नर वनविभागात, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या ऊसपट्ट्यात, या शतकाच्या आरंभी बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडण्याचा मोठा कार्यक्रम झाला. वन्यजीव संशोधिका विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यातून असे दिसले की माणसांवरील हल्ल्यांची वार्षिक सरासरी ४ वरून १७ वर गेली आणि त्यांपैकी प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर चढले. कारण समजण्यासारखे आहे. बिबट्या हा आपल्या हद्दीस चिकटून राहणारा प्राणी. त्याला उचलून अनोळखी मुलुखात टाकले की तो परतण्याची धडपड करतो आणि वाटेत त्याला न कळणाऱ्या वस्त्यांतून फिरतो, आणि त्याची मोकळी झालेली जागा दुसरा, बहुधा तरुण आणि अननुभवी बिबट्या बळकावतो. म्हणून २०११ साली केंद्र सरकारने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत असे स्थलांतर टाळण्यावर भर दिलेला आहे. दुसरीकडे अकोले तालुक्यात अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच केलेल्या विष्ठेच्या अभ्यासात बिबट्याच्या आहारातील वजनापैकी ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा आणि शेळ्यांचा केवळ ११ टक्के आढळला, वास्तविक शेळ्या कुत्र्यांहून कितीतरी अधिक होत्या. यातून व्यवहाराचा धडा असा निघतो की गावातले उकिरडे आणि त्यांवर पोसणारी मोकाट कुत्री हीच बिबट्याला वस्तीकडे ओढणारी खानावळ आहे. ती चालू ठेवून पिंजरे लावीत बसणे म्हणजे निव्वळ देखावा होय.

तरीही माणसावर हल्ला झाल्यावर पिंजरा लावावा लागतो आणि हुकूम आल्यावर तो नीट लावता आला पाहिजे. आमिषाचा कप्पा वेगळा आणि भक्कम असावा. बिबट्या अडकल्याबरोबर पिंजऱ्यावर ताडपत्री टाकून अंधार करावा, कारण उजेड आणि माणसे दिसत राहिल्यास तो सळ्या चावून सुळे मोडून घेतो आणि सुळे मोडलेला बिबट्या पुढे आयुष्यभर कोंडून ठेवावा लागतो. माणिकडोहच्या निवारा केंद्रात असे कायमचे पाहुणे झालेले बिबटे आहेत. भूल देण्याचे काम सर्वस्वी पशुवैद्याचे. तुमचे काम त्या वेळी केवळ जमावाला आवरणे. भूल बसण्यास मिनिटे लागतात, त्या मिनिटांत बिबट्या कोणत्याही दिशेला झेपावतो, आणि आजवर जे कार्यकर्ते अशा प्रसंगी जखमी झाले त्यांतले पुष्कळजण मोबाईलवर चित्रण करणाऱ्या गर्दीच्या मागे मागे सरकत असताना जखमी झाले.

विहिरीत पडलेला बिबट्या ही ऊसपट्ट्यातील नित्याची घटना आहे. कठडा नसलेली विहीर, रात्रीची धावपळ, आणि पहाटे आतून येणारा आवाज. येथे पहिले काम प्राण्याला काढण्याचे नव्हे, त्याला बुडू न देण्याचे. चारही कोपऱ्यांना दोर बांधलेली बाज हळूहळू पाण्यावर सोडावी. दमलेला बिबट्या तिच्यावर चढून बसतो, थरथरतो, आणि वरच्या तोंडांकडे पाहत राहतो. त्याला थोडा वेळ द्यावा, लोकांना विहिरीच्या काठावरून हटवावे, आणि मग दार उघडे ठेवलेला पिंजरा त्याच्या बाजूला उतरवावा. तो आपण होऊन आत शिरतो, कारण आतला अंधार त्याला बाहेरच्या गर्दीपेक्षा सुरक्षित वाटतो. घाई केली, काठ्या टोचल्या, फटाके टाकले, तर तो बाजेवरून पुन्हा पाण्यात उडी घेतो आणि मग दुपार तेथेच होते.

शिवारात रात्री पाणी देण्यास जाणाऱ्या माणसाविषयी एक शब्द. शेतीपंपाला तीन फेजची वीज रात्री मिळते तेव्हा शेतकरी रात्रीच उसात वाकून दारे धरणार, आणि वाकलेला माणूस बिबट्याला लहान प्राण्यासारखा दिसतो, हे समजून सांगावे. ‘रात्री बाहेर जाऊ नका’ हा सल्ला देणे सोपे असून पाळणे अशक्य आहे. त्याऐवजी दोघांनी मिळून जावे, विजेरी आणि काठी असावी, मोठ्याने बोलावे किंवा मोबाईलवर गाणी लावावी, आणि वाकण्यापूर्वी सभोवार उजेड फिरवावा, हे पाळता येण्यासारखे आहे. दिवसा वीज मिळावी ही मागणी तुमच्या अधिकारातली नाही, पण ती तुमच्या अहवालात प्रत्येक वेळी लिहिली गेली पाहिजे.

ऊसतोडीच्या हंगामात सरीत बिबट्याची पिल्ले सापडतात. ती उचलून घरी आणणे, त्यांना दूध पाजणे, त्यांच्यासोबत छायाचित्रे काढणे हे सर्व तत्काळ थांबवावे. पशुवैद्याने तपासणी केल्यावर ती त्याच जागी एका खोक्यात किंवा टोपलीत संध्याकाळी ठेवावीत, लोकांना लांब न्यावे आणि जमल्यास दूरवरून कॅमेऱ्याने नजर ठेवावी. पिल्लांची आई आसपासच असते आणि अंधार पडल्यावर ती बहुधा त्यांना एकेक करून तोंडात धरून घेऊन जाते. पहिल्या रात्री आली नाही तर दुसऱ्या रात्री पुन्हा ठेवावीत. ज्या शिवारात पिल्ले नाहीशी झाली त्या शिवारात चवताळलेली मादी काही दिवस फिरत राहते, आणि तिचा रोष पिल्ले नेणाऱ्यावरच पडेल असे नाही.

या सर्वासाठी पिशवीत ठेवावयाच्या वस्तू थोड्या: मोजपट्टी, जाड कागद आणि पेन्सिल, रबरी हातमोजे, दोरीने जोडलेली मीटरची चौकट, विजेरी, पंचनाम्याचे कोरे नमुने, चालू शासननिर्णयाची प्रत, आणि गावनिहाय एक वही, जिच्यात प्रत्येक घटनेची तारीख, जागा आणि खुणा तुमच्या स्वतःच्या अक्षरात असतील. मोबाईलमधले छायाचित्र आज सापडते आणि मोबाईल बदलल्यावर हरवते; वही राहते, आणि दोन हंगामांनंतर तीच सांगते की कोणत्या ओढ्याच्या कडेने प्राण्यांची ये-जा आहे. ती वही घेऊन ऑक्टोबर उजाडण्यापूर्वी साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात एकदा जाऊन यावे आणि तोडीचा आराखडा पाहून मुकादमांची यादी मागून घ्यावी. कोप्या, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपड्या, उसाच्या फडाला लागून न घालता उघड्या रानात घालाव्यात, लहान मुलांना उघड्यावर झोपवू नये आणि शिळे अन्न कोपीजवळ टाकू नये, हे त्यांना आधी सांगावे लागते, कारण एकदा कोयता चालू झाला की मुकादम कोणाच्या हाती लागत नाही.